बसते, पण जुळत नाही

शिलाई मशीनचा खण म्हणजे घरातली एक अजब जागा. तिथे गेलेली वस्तू सहसा परत येत नाही आणि टाकलीही जात नाही. टोक मोडलेल्या सुया, जुन्या परकराची हुक, जोडीदार हरवलेली शर्टाची बटणे, झिजून नखाएवढा झालेला खडू, आकडे पुसलेली टेप, तेलाची पिचकारी आणि या सगळ्यांत गडगडणाऱ्या बॉबिन. पाच, सात, कधी डझनभर. त्यांतल्या काही मशीनबरोबर आलेल्या, काही पुढे बाजारातून आणलेल्या, एखादी नणंदेने तिचे मशीन विकले तेव्हा 'तुला होतील' म्हणून दिलेली, एखादी शेजारणीची, परत द्यायची राहून गेलेली. सगळ्या गोल, सगळ्या चकचकीत, सगळ्यांना मधोमध भोक. पाहणाऱ्याला वाटावे, एकाच साच्यातून निघाल्या आहेत.

तशा त्या नसतात. आणि त्या तशा नसतात हे ठाऊक नसल्यामुळे किती तरी चांगली मशिने 'बिघडलेली' ठरतात, माळ्यावर जातात आणि शेवटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात.

मी शिवणाचा वर्ग चालवते. झबल्या-टोपड्यापासून ब्लाऊजपर्यंत शिकायला येणाऱ्या बायका आपल्या घरच्या मशीनची गाऱ्हाणीही बरोबर घेऊन येतात. 'बाई, खालून नुसता गुंता होतो.' 'बाई, मधेच टाका सुटतो.' 'बाई, मशीन खडखडतं आणि सुई मोडते.' सारे ऐकून घेऊन मी पहिला प्रश्न विचारते, 'बॉबिन कुठली घातलीय?' उत्तर ठरलेले असते, 'मशीनचीच की! बरोब्बर बसते.'

बसते, हे खरेच असते. पण बसणे वेगळे आणि जुळणे वेगळे. मुलाच्या पायात बापाचा बूटही बसतो. तो घालून मुलाला पळता येत नाही, एवढेच.

एक ब्लाऊजपीस आणि एक बोट

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात शिकून गेलेल्या एका बाईंची गोष्ट सांगते. नवरा अकाली गेलेला, दोन मुले शाळेत, आणि घर चालायचे ते काळ्या रंगाच्या एका पायमशीनवर. ब्लाऊज, परकर, साडीला फॉल, आणि मे-जूनमध्ये शाळेचे गणवेश. अशाच एका जूनमध्ये तिच्या बॉबिन केसवरची, दोरा दाबून धरणारी पातळ पट्टी तुटली. एवढासा भाग, पण त्याच्यावाचून मशीन उभे. ती तालुक्याच्या गावी गेली, दुकानदाराला म्हणाली, 'घरगुती मशीनची बॉबिन केस द्या.' त्याने एक डबी पुढे केली. 'घेऊन जा, सगळ्या मशीनला चालते.' सोबत दोन बॉबिनही दिल्या.

घरी येऊन तिने केस घातली, ती बसली. पहिले आठ-दहा टाके पडले. मग खाली काही तरी अडकले, कट् असा आवाज झाला, सुई मोडली आणि तिच्या तुकड्याने गिऱ्हाइकाचा रेशमी ब्लाऊजपीस फाटला. भरपाई तिने पदरची दिली. मशीन बघायला आलेल्या कारागिराने निदान केले, 'शटल गेलंय, मशीनच जुनं झालंय, आता बदला.' भंगाराचा भावही ठरला. ती माझ्याकडे आली ती हे विचारायला, की हप्त्याने घ्यायचे तर नवे मशीन कुठले घ्यावे.

मी म्हटले, आधी जुने घेऊन ये, आणि तुटलेली केस टाकली नसशील तर तीही आण. तिने टाकली नव्हती. (खणाचा हा गुण मानलाच पाहिजे.) दोन्ही केस टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. बॉबिन केसला एक छोटेसे बोट पुढे आलेले असते. केस समोर धरून तिला घड्याळाची तबकडी समजले, तर जुन्या केसचे बोट अकराच्या आकड्याकडे होते आणि नव्या केसचे एकच्या. शिवाय नव्या बॉबिन जुनीपेक्षा उंचीला जवळजवळ तीन मिलिमीटर कमी. त्या बाई दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'एवढ्यासाठी मी मशीन मोडीत काढत होते?'

नमुना दाखवून अकराची केस आणली आणि मशीन पहिल्यासारखे चालू लागले. त्या केसला पडलेले पैसे तिच्या एका ब्लाऊजच्या शिलाईपेक्षा कमी होते.

दोरीवरच्या उड्या

एवढ्याशा बोटाने एवढा अनर्थ का व्हावा, हे समजून घ्यायचे तर मशीनचा टाका कसा पडतो ते पाहायला हवे. हे आपण सहसा पाहत नाही, कारण ते सारे कापडाच्या खाली, पत्र्याच्या झाकणाआड चालते.

हाताने शिवताना दोरा एकच असतो आणि सुईचे नेढे मागच्या टोकाला. अख्खी सुई कापडातून आरपार जाते, तिच्यामागून दोरा जातो. मशीनला सुई अशी सोडून देता येत नाही. म्हणून मशीनच्या सुईचे नेढे टोकाशी असते. सुई कापडातून खाली उतरते आणि किंचित वर उचलली जाते न जाते तोच तिच्या मागे दोऱ्याचा एक छोटा फास सुटतो. नेमक्या त्या क्षणी शटलची चोच येऊन तो फास उचलते, मोठा करते आणि बॉबिन केसच्या अंगावरून पलीकडे नेते. फास पलीकडे गेला, की वरची दांडी दोरा खेचून घेते. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकतात आणि त्यांची गाठ कापडाच्या जाडीत मधोमध बसते. झाला एक टाका.

अंगणात दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी आठवा. मुलगी जागच्या जागी असते आणि दोरी तिच्या डोक्यावरून, पायाखालून फिरते. बॉबिन केस म्हणजे ती मुलगी. फरक इतकाच, की मुलगी पाय उचलते म्हणून दोरी खालून निघून जाते. बॉबिन केसला उडी मारता येत नाही. वरचा दोरा तर प्रत्येक टाक्याला तिच्याभोवतून सुटून गेलाच पाहिजे. मग तिला मशीनला पक्के जोडायचे कसे? स्क्रूने आवळली, तर दोरा त्या स्क्रूपाशी अडेल. मोकळी सोडली, तर ती शटलबरोबर गरगरेल.

यावर जो तोडगा निघाला तो मला आजही थक्क करतो. बॉबिन केसला बांधायचे नाही, फक्त धरायचे. तिचे ते बोट मशीनच्या खाचेत नुसते टेकलेले असते. केस फिरू नये इतपत धरलेले आणि दोरा निसटून जावा इतपत सैल. खाच आणि बोट यांच्यामधली ती फट म्हणजे दोऱ्याची वाट. आपल्या घरगुती काळ्या मशीनमध्ये शटल अर्ध्याहून थोडा जास्त फेरा घेऊन परत फिरते, पाळण्यासारखे झुलते. कारखान्यातल्या मशीनचे हुक एकाच दिशेने गरगर फिरते, एका टाक्याला दोन फेरे, आणि मिनिटाला चार-पाच हजार टाके घालते. पण झुलणारे असो की फिरणारे, प्रत्येक टाक्याला दोऱ्याने तेवढ्या फटीतून निघून जायचे असते.

आता त्या बाईंच्या मशीनमध्ये काय घडले ते ध्यानात येईल. बोट अकराऐवजी एकवर असले, की बॉबिन केस तेवढी वळून बसते. सुई उतरण्यासाठी तिच्यात ठेवलेली मोकळी जागा सरकते आणि सुई धातूवर आदळते. बॉबिन उंचीला कमी असेल, तर ती केसच्या आत वरखाली नाचते. दोरा घटकेत सैल, घटकेत ताठ. ती उंचीला जास्त असेल, तर घासते, अडखळत फिरते, कधी केसला पुरती आत बसूच देत नाही. वरून मात्र सारे ठाकठीक दिसते.

धोट्यापासून चकतीपर्यंत

शिवणयंत्रातल्या या भागाला 'शटल' हे नाव मागावरून आले. आपल्याकडे त्याला धोटा म्हणतात. सोलापूर, इचलकरंजी, मालेगावकडच्या वाचकांना धोटा आणि त्यातली कांडी सांगायला नको. कित्येक घरांतल्या बायकांचे आयुष्य कांड्या भरण्यात गेले आहे. बॉबिन ही शिवणयंत्रातली कांडीच. अमेरिकेतल्या इलायस हॉवने १८४६ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा त्यातही असाच धोटा इकडून तिकडे धावत होता. १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने पेटंट घेतले, त्याच्याही यंत्रात धोटाच होता. आजही एखाद्या जुन्या वाड्यात सिंगरचे २७ किंवा २८ नंबरचे मशीन सापडते. त्याचे शटल होडीसारखे निमुळते आणि आत सडपातळ, लांबट बॉबिन असते. हल्लीची गोल बॉबिन त्याला दाखवून उपयोग नाही.

दोऱ्याचा साठा एका जागी ठेवून वरच्या दोऱ्याचा फासच त्याच्याभोवती फिरवावा, ही कल्पना अ‍ॅलन विल्सन या कारागिराने १८५१-५२ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. गोल चकतीसारखी बॉबिन तिथून पुढे आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरचे १५ नंबरचे मशीन पसरले. त्याची बॉबिन उभी, बाजूने घालायची. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ६६ नंबरचे आले. त्याची बॉबिन आडवी, वरची पट्टी सरकवून टाकायची. या दोन घराण्यांचे वंशज आजही जगभर चालू आहेत.

आजीच्या मशीनवर '१५के' किंवा '६६के' असे कोरलेले दिसले, तर त्यातला आकडा हे घराणे, आणि 'के' म्हणजे स्कॉटलंडमधला किलबोवीचा कारखाना. तो १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. कारखाना गेला, पण तिथून आलेली मशिने आपल्याकडच्या खिडक्यांशी अजून टीप घालीत आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखानदारांनी सिंगरच्या १५ नंबरचा आराखडा धरून एकसारखी मशिने बनवली. त्यांचे भाग एकमेकांना चालावेत, असा त्यामागचा हेतू. घरगुती सुयांच्या पाकिटावर 'एचए' ही अक्षरे दिसतात, ती त्या काळाची खूण. भारतात १९३० च्या दशकात कोलकात्याला 'उषा' मशीन तयार होऊ लागले, पुढे लुधियाना हे मशीन आणि सुट्या भागांचे मोठे केंद्र बनले. उषा, मेरिट, रीटा अशा नावांची जी सरळ टाक्याची काळी मशिने आपण घरोघर पाहतो, ती बहुतेक या १५ नंबरच्याच गोत्रातली.

महात्मा गांधींनी यंत्रांच्या वेडाला विरोध केला. पण १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त आलेल्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते बनवले, अशी त्यांची समजूत होती. इतिहास काही इतका हळवा नाही. १८५० मध्ये बोस्टनच्या एका कारखान्यात सिंगर खटपटीला लागला तो पैसा मिळवण्यासाठी. तरी गांधीजींनी केलेला अपवाद मला पटतो. हे यंत्र माणसाला बिनकामाचे करीत नाही, आणि घरच्या बाईला ते स्वतःच्या हाताने उघडता येते. मात्र त्यासाठी आपल्या यंत्राचे गोत्र तिला ठाऊक असायला हवे.

तीन सख्ख्या, तीन निराळ्या

गोंधळ होतो तो मुख्यतः तीन बॉबिनमध्ये. त्यांचा व्यास जवळपास सारखा, सुमारे २० मिलिमीटर. वरून पाहिल्या तर आईलाही ओळखू येऊ नयेत अशा. फरक आहे तो उंचीत आणि कडेत.

पहिली १५ नंबरची. दोन्ही बाजू सपाट, उंची पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास. दुसरी ६६ नंबरची. उंची तिच्याहून थोडी कमी, पण बाजू सपाट नाहीत. तव्यावरच्या फुलक्याने फुगायला नुकती सुरुवात करावी, तशा किंचित फुगीर. तिसरी 'एल' म्हणतात ती. बाजू सपाट, पण अंगाने बारीक, उंची सुमारे ९ मिलिमीटर. कारखान्यातल्या मशीनची बॉबिनही साधारण हिच्याच अंगाची. आपल्याकडे वनस्पती तुपाला जसे सरसकट 'डालडा' म्हणत, तसे कारखान्यातल्या मशीनला बायका सरसकट 'जुकी' म्हणतात. कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलीच्या पर्समधून अशी एखादी बॉबिन घरी येते आणि खणातल्या घोळक्यात मिसळून जाते. आणखी एक चौथी आहे, पारदर्शक प्लॅस्टिकची, नव्या मशीनमध्ये वरून टाकायची. ती १५ नंबरच्याच घराण्यातली, आकारही तोच. पण तिच्या बाजू अगदी हलक्या वळणाच्या असतात. अशा मशीनला लोखंडी बॉबिन घालू नये. तिच्या वजनाने दोऱ्याचा ताण बदलतो आणि आतल्या प्लॅस्टिकच्या केसला चरे पडतात.

लग्न जुळवताना आपण पत्रिका बघतो. तिथे छत्तीसपैकी छत्तीस गुण जुळले तर उत्तम. आणि ज्यांचे पटत नाही त्यांच्यात मात्र छत्तीसचा आकडा! बॉबिन, बॉबिन केस आणि मशीन या तिघांची पत्रिकाही अशीच जुळवावी लागते. बॉबिन केसला जुळली, पण केस मशीनला जुळली नाही, तरी संसार होत नाही.

पत्रिका कशी जुळवावी?

त्यासाठी कारागीर व्हावे लागत नाही. मशीनच्या अंगावरचा नंबर आधी वाचा. काळ्या मशीनवर तो बहुधा खांबाच्या पायाशी एका छोट्या पट्टीवर असतो. नव्या मशीनवर मागे किंवा तळाशी. बॉबिन बाजूने घालायची की वरून टाकायची, हेही नीट पाहून ठेवा.

दुकानात जाताना वर्णन नेऊ नका, नमुना न्या. जुनी बॉबिन आणि जुनी केस, दोन्ही. दुकानातल्या काचेवर जुनी आणि नवी बॉबिन शेजारी ठेवा आणि वरून नव्हे, बाजूने बघा. उंची तिथे कळते. मग बॉबिनच्या बाजूवर मोजपट्टीची कड आडवी टेकवा. मधे किंवा कडेला फट दिसली, तर बाजू फुगीर आहे. केस समोरासमोर धरून बोट घड्याळात कुठे येते ते पाहा. हल्ली घरबसल्या मोबाइलवरून माल मागवता येतो आणि त्यावर 'सर्व मशीनसाठी' असे लिहिलेले असते. सर्व मशीनला चालणारी बॉबिन अजून कोणी बनवलेली नाही. मागवायचीच, तर आपल्या मशीनचा नंबर आणि घराणे ताडून पाहा.

नवी बॉबिन केसमध्ये घातल्यावर ती बोटाने फिरवून पाहा. अडखळता कामा नये, वरखाली खुळखुळता कामा नये आणि कडेच्या वर डोके काढता कामा नये. मग दोरा फटीतून पट्टीखाली घ्या आणि तो धरून केस अधांतरी लोंबकळू द्या. ती आपल्या वजनाने धाडकन खाली आली, तर ताण कमी. ढिम्म हलली नाही, तर जास्त. हाताला हलका झटका दिल्यावर थोडीशी उतरून थांबली, की समजावे बेत जमला. पट्टीवर सहसा दोन स्क्रू असतात. एक पट्टी धरून ठेवतो, दुसरा ताण बदलतो. ताणाचा स्क्रू फिरवायचा तर एका वेळी पाव फेऱ्याहून कमी, आणि आधी तो कुठे होता ते लक्षात ठेवून.

केस मशीनमध्ये बसवताना 'टक्' असा आवाज आला पाहिजे. तो आल्याशिवाय पायट्यावर पाय ठेवू नये. मग हाताने चाक आपल्याकडे सावकाश फिरवून दोन-चार टाके घाला आणि झाकण उघडे ठेवून बघा, वरचा दोरा केसभोवती सहज फिरून निसटतो का. शेवटची परीक्षा मांजरपाटाच्या तुकड्यावर. वर लाल दोरा, खाली पांढरा. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले, तर वरचा ताण जास्त किंवा खालचा कमी. खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले, तर उलट. दोन्ही बाजूंना आपापलाच रंग दिसला, की गिऱ्हाइकाचे कापड खुशाल हाती घ्यावे.

अर्थात, प्रत्येक गुंत्याचा दोष बॉबिनला देणे हाही अन्यायच. कापडाखाली दोऱ्याचे घरटे झाले, की सगळे खाली वाकून बघतात. पण पुष्कळदा चूक वर असते. प्रेसर फूट खाली टेकवून दोरा ओवला, तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये शिरतच नाही. म्हणून आधी प्रेसर फूट उचलून वरचा दोरा नव्याने ओवा, सुई बदला, बॉबिन काठोकाठ न भरता थोडी कड सोडून सारखी भरा, जुन्या दोऱ्यावर नवा दोरा गुंडाळू नका. एवढ्याने भागले तर उत्तमच. नाही भागले, तर बॉबिनची आणि केसची पत्रिका काढा.

मशीन देताना

ही सारी बारकाव्यांची बाब आहे, असे कोणाला वाटेल. तसे नाही. आपल्याकडे बाईला आधार द्यायचा म्हटले, की पहिल्यांदा शिलाई मशीन आठवते. जिल्हा परिषदा देतात, सेवाभावी मंडळे देतात, एखाद्या सुनेला माहेरचे लोक देतात. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे आणि साधनांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत आहे. या सगळ्यांचे मोल मी जाणते. वाटपाच्या समारंभात मशीन मिळते, हार होतात, फोटो निघतो. पण मशीन घरी गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बॉबिन केसची पट्टी झिजणार, हे त्या फोटोत दिसत नाही. तेव्हा त्या बाईला कोणता नंबर मागायचा हे ठाऊक नसेल, तर ते मशीन कोपऱ्यात उभे राहते, वर चादर पडते आणि चादरीवर घड्या घातलेले कपडे. दिलेले साधन वाया जाते आणि वर ठपका तिच्यावरच येतो, 'दिलं होतं मशीन, पण चालवलं नाही.'

म्हणून माझे एक मागणे आहे. मशीन कोणालाही देताना, मग ते सरकारने द्यावे, मंडळाने द्यावे किंवा आत्याने भाचीला द्यावे, त्याबरोबर त्याच्याच मापाच्या दहा बॉबिन आणि एक जादा बॉबिन केस द्यावी. खणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्यावर मशीनचा नंबर, बॉबिनचा प्रकार, बोट घड्याळात कुठे येते आणि सुईचा प्रकार, एवढ्या चार ओळी मराठीत लिहाव्यात. माझ्या वर्गात मी आता पहिल्या आठवड्यातच प्रत्येकीला आपल्या घरच्या मशीनचा असा कागद करायला लावते. बेतणे-शिवणे त्यानंतर.

खंडेनवमीला आपण मशीन पुसतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो. ज्याने घरात चार पैसे आणले, त्याचा तो मान आहे. यंदा फूल ठेवण्याआधी एक तास काढून खण टेबलावर पालथा करावा. बॉबिन एकेक करून बाजूने न्याहाळाव्यात. आपल्या मशीनच्या तेवढ्या डबीत ठेवाव्यात आणि बाकीच्या फेकून न देता ज्यांच्या त्यांच्या घरी पोचत्या कराव्यात. शेजारणीची शेजारणीला, नणंदेची नणंदेला. आपल्याकडे जी नुसतीच बसत होती, ती तिच्याकडे कदाचित जुळेलही.